थकव्याचा हिशेब कोणी ठेवायचा?

(रुआबांधा, भिलाई येथे दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



रुआबांधा ही भिलाईच्या पोलाद कारखान्यातील माणसांची वसाहत आहे. अखंड कामाचा यंत्रावर काय परिणाम होतो, हे येथील श्रोत्यांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. भिलाईची पहिली झोतभट्टी, म्हणजे येथे सर्वजण जिला ब्लास्ट फर्नेस म्हणतात ती, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. अशी भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षे रात्रंदिवस चालते. माणसे पाळीपाळीने बदलतात. भट्टी थांबत नाही. तथापि तिच्या आतील उष्णतारोधक विटांचे अस्तर हळूहळू झिजत असते, आणि केव्हातरी ती बंद करून ते अस्तर नव्याने बसवावे लागते. ही वेळ केव्हा आली, हे भट्टीला विचारून ठरवता येत नाही. बाहेरून ती पूर्वीसारखीच धगधगत असते, लोखंडही देत असते. तापमानाच्या आणि झिजेच्या नोंदी बाहेरचा कोणीतरी ठेवीत असतो, आणि त्या नोंदींवरून निर्णय होतो.

आजचा विषय भट्टीचा नाही, खेळाडूचा आहे. परंतु जी काळजी यंत्राच्या बाबतीत गृहीत धरली जाते, ती माणसाच्या बाबतीत बहुधा घेतली जात नाही. खेळाडू दमला आहे की नाही, हे त्याचे त्यानेच सांगावे अशी आपली समजूत असते. तो बोलू शकतो, यंत्र बोलू शकत नाही, एवढा फरक या समजुतीला पुरेसा वाटतो. गेल्या काही दशकांतील संशोधनाने मात्र एक अडचणीची गोष्ट पुढे आणली आहे. सरावाचा भार प्रमाणाबाहेर वाढला, तर केवळ स्नायू थकत नाहीत. ज्या मेंदूने थांबायचे की पुढे जायचे याचा निर्णय करायचा, तो मेंदूही थकतो. असे असेल तर दमलेल्या खेळाडूला त्याच्या थकव्याबद्दल विचारणे कितपत शहाणपणाचे, हा प्रश्न उभा राहतो. आजच्या विवेचनाचा रोख या प्रश्नाकडे आहे.

थकव्याविषयीची जुनी कल्पना सर्वांच्या परिचयाची आहे. धावताना, उड्या मारताना किंवा जोर काढताना स्नायूंत कसलेतरी आम्ल साठते, पाय जड होतात आणि माणूस थांबतो. या कल्पनेला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळाली ती विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर्किबाल्ड हिल यांना जर्मनीच्या ओटो मायरहॉफ यांच्यासमवेत १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते स्नायूंच्या कार्यावरील संशोधनाबद्दल. प्राणवायूचा पुरवठा अपुरा पडला की स्नायूंत लॅक्टिक आम्ल तयार होते आणि त्यातून थकवा येतो, हे विचारसूत्र हिल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कार्यातून रूढ झाले. आज या सूत्रात पुष्कळ दुरुस्ती झाली आहे. श्रमाच्या वेळी तयार होणारे लॅक्टेट हा निव्वळ टाकाऊ पदार्थ नसून स्नायू आणि हृदय त्याचा इंधन म्हणूनही उपयोग करतात, हे आता मान्य झालेले आहे. तरीसुद्धा मैदानावरच्या बोलण्यात थकवा अद्याप पायांतच राहतो.

वस्तुतः हिल यांच्याही आधी इटलीतील तुरीन विद्यापीठाचे प्राध्यापक अँजेलो मोस्सो यांनी याहून व्यापक दृष्टीने या विषयाकडे पाहिले होते. मोस्सो यांनी श्रमलेखक नावाचे एक साधे उपकरण बनविले. हात एका आधारावर बांधून ठेवायचा, मधल्या बोटाला दोरीने वजन लावायचे, आणि ठरावीक अंतराने ते वजन उचलीत राहायचे. प्रत्येक उचल कागदावर रेषेच्या रूपाने उमटे. रेषा आखूड होत होत शेवटी नाहीशी झाली की बोट थकले असे समजावयाचे. मोस्सो यांनी आपल्या अध्यापक सहकाऱ्यांची अशी मोजणी विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर केली. दिवसभर प्रश्न विचारून थकलेल्या अध्यापकाचे बोट सकाळच्या मानाने फारच लवकर थांबले. बोटाने काहीच काम केले नव्हते; काम मेंदूने केले होते. थकव्यावरील मोस्सो यांचा ग्रंथ १८९१ साली प्रसिद्ध झाला. बौद्धिक श्रमाचा भार शरीराच्या खात्यावरही पडतो, हे निरीक्षण अशा रीतीने शतकाहून अधिक जुने आहे. परंतु ते पुढे बराच काळ मागे पडले.

२००९ साली वेल्समधील बँगर विद्यापीठात सॅम्युएले मार्कोरा आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी याच प्रश्नाची आधुनिक साधनांनी तपासणी केली. सोळा व्यक्तींना दोन वेगवेगळ्या दिवशी स्थिर सायकलवर, थांबणे भाग पडेपर्यंत, ठरावीक ताकदीने पायडल मारावयास सांगण्यात आले. एका दिवशी त्याआधी दीड तास त्यांना सतत लक्ष द्यावे लागेल असे कंटाळवाणे बौद्धिक काम देण्यात आले. दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ माहितीपट दाखविण्यात आले. माहितीपटानंतर त्यांनी सरासरी ७५४ सेकंद सायकल चालविली, बौद्धिक कामानंतर ६४० सेकंद. लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. हृदयाची गती, प्राणवायूचा वापर, रक्तातील लॅक्टेट यांपैकी कशातही या फरकाचे कारण सापडले नाही. फरक होता तो श्रम किती जड वाटतात या जाणिवेत. बौद्धिक कामानंतर तेच पायडल पहिल्यापासून अधिक जड वाटत होते, म्हणून असह्य होण्याची घटकाही लवकर आली. पुढे इतरांनी केलेल्या परीक्षणांत हा परिणाम मूळ आकड्यांइतका मोठा आणि सार्वत्रिक नसावा, अशी शंका व्यक्त झाली आहे, हेही नमूद केले पाहिजे. तथापि श्रमाची जाणीव ही मेंदूत घडणारी गोष्ट आहे आणि खेळाडू थांबतो तो पुष्कळदा या जाणिवेमुळे, एवढे यातून स्पष्ट होते.

मेंदू थकव्याचा नुसता साक्षीदार नसून तो अंदाज बांधीत असतो, याचे आणखी एक गमतीदार उदाहरण आहे. बर्मिंगहॅम येथील संशोधकांनी २००४ साली सायकलपटूंना सुमारे तासाभराच्या शर्यतीत मधूनमधून पिठूळ साखरेच्या पाण्याने चूळ भरावयास दिली. पाणी गिळावयाचे नव्हते; खळखळून थुंकून टाकावयाचे होते. त्या पाण्याला गोड चवही नव्हती. पोटात अन्नाचा कणही गेला नाही, तरी त्यांचा वेळ साध्या पाण्याच्या तुलनेत सुमारे तीन टक्क्यांनी सुधारला. तोंडातील संवेदनांनी मेंदूला अन्न येत असल्याचा निरोप दिला, आणि मेंदूने हात थोडा सैल सोडला, असा याचा अर्थ लावला जातो. दक्षिण आफ्रिकेचे टिम नोक्स यांनी तर असे प्रतिपादन केले की, हृदय व इतर अवयव धोक्यात येऊ नयेत म्हणून मेंदूच आधीपासून शरीराचा वेग आवरून धरतो. खुद्द हिल यांनीही १९२४ च्या सुमारास हृदयाच्या रक्षणासाठी अशा एखाद्या नियंत्रकाची कल्पना सुचविली होती. नोक्स यांचे मत सर्वमान्य झालेले नाही. मार्कोरा यांच्यासारखे अभ्यासक ते स्वीकारीत नाहीत. परंतु थकव्याचा विचार मेंदूला वगळून करता येणार नाही, याविषयी दोन्ही पक्षांत वाद उरलेला नाही.

येथपर्यंतचे प्रयोग काही तासांचे आहेत. खेळाडूचा सराव मात्र आठवडे आणि महिने चालतो. सरावाचा भार दीर्घकाळ वाढविला तर मेंदूचे काय होते, याविषयीचे एक महत्त्वाचे संशोधन पॅरिस येथे झाले आणि २०१९ साली प्रसिद्ध झाले. फ्रान्सच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेला अतिसरावाच्या विकाराची चिंता होती. चांगले चांगले खेळाडू अकस्मात खचतात, त्यांना सतत थकल्यासारखे वाटते आणि तपासणीत तर काहीच सापडत नाही, असा अनुभव होता. त्यावरून बास्तियाँ ब्लाँ, मातियास पेसिग्लिओन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३७ पुरुष खेळाडूंची निवड केली. हे सर्वजण स्पर्धांत उतरणारे आणि लांब पल्ल्याचे क्रीडाप्रकार करणारे होते. त्यांच्यापैकी काहींचा सराव नेहमीप्रमाणे चालू ठेवण्यात आला; उरलेल्यांच्या प्रत्येक सरावाचा भार तीन आठवडे सुमारे ४० टक्क्यांनी वाढविण्यात आला. त्यानंतर सर्वांना काही निवडी करावयास सांगण्यात आल्या आणि त्या वेळच्या मेंदूच्या हालचालींचे एमआरआय यंत्राने चित्रण करण्यात आले.

या निवडी खेळाविषयी नव्हत्या, पैशाविषयी होत्या. आता थोडी रक्कम घ्यावी की काही काळ थांबून मोठी रक्कम घ्यावी, अशा धाटणीचे ते प्रश्न होते. आपल्याकडे असे म्हणता येईल की, आज शंभर रुपये हवेत की सहा महिन्यांनी पाचशे? ज्यांचा सराव वाढविला होता, ते खेळाडू दुसऱ्या गटाच्या मानाने हातात पडणाऱ्या लहान लाभाकडे अधिक झुकले. त्याच वेळी त्यांच्या मेंदूच्या ललाटखंडाच्या कडेच्या भागातील हालचाल मंदावलेली दिसली. हा भाग कपाळाच्या मागे, दोन्ही बाजूंना असतो. तात्कालिक ओढ आवरून दूरच्या हेतूला धरून राहणे, हे त्याचे एक मुख्य कार्य समजले जाते. याच संशोधकांनी २०१६ साली दिवसभराच्या अवघड बौद्धिक कामानंतर याच भागात असाच फेरफार दाखविला होता. म्हणजे दिवसभर बसून केलेला अभ्यास आणि तीन आठवडे जादा केलेला सराव, हे दोन्ही मेंदूच्या एकाच ठिकाणी भार टाकतात. २०२२ साली याच गटातील संशोधकांनी आणखी एक धागा पुढे आणला. अवघड बौद्धिक काम तासन्‌तास केल्यावर या भागात ग्लुटामेट हे रसायन साठत जाते, असे त्यांना आढळले.

येथे थोडी सावधगिरी आवश्यक आहे. पॅरिसच्या प्रयोगात स्त्रिया नव्हत्या, मुले नव्हती. आणि तीन आठवड्यांचा वाढीव सराव म्हणजे कित्येक महिन्यांचा अतिसराव नव्हे. खेळाडूंची स्मरणशक्ती गेली किंवा बुद्धी मंदावली, असेही त्यातून दिसलेले नाही. दिसले ते एवढेच की, निवड करताना धीर धरण्याची शक्ती काहीशी कमी झाली. तथापि धीर धरणे हेच ज्याचे भांडवल, त्या खेळाडूच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे. शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात वेदना सहन करून पुढे जाणे, हा दूरच्या लाभासाठी जवळच्या सुखाचा त्याग आहे. पुढील महिन्याच्या स्पर्धेसाठी आज मन आवरून विश्रांती घेणे, हाही तसाच त्याग आहे. थकलेला मेंदू या दोन्ही ठिकाणी कमी पडू शकतो, असे अनुमान करावयास हरकत नाही. एखादा खेळाडू मधेच सोडून देतो; दुसरा दुखरा पाय घेऊन आजच्याच आज मैदानावर उतरतो. वरवर पाहता या वृत्ती परस्परविरुद्ध दिसतात, आणि त्यांचे मूळ एकच असू शकते, हे सहसा ध्यानात येत नाही.

थकलेल्या माणसाच्या वतीने बोलणारा दुसरा कोणी असावा लागतो, याचे एक उदाहरण मराठी मुलखाच्या क्रीडा-इतिहासात आहे. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे मल्ल खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या स्पर्धेत जपानचे शोहाची इशी यांच्याशी खाशाबांची दीर्घ झुंज झाली आणि ती इशी यांनी जिंकली. पुढे सुवर्णपदकही त्यांनाच मिळाले. ही झुंज संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोव्ह यांच्याशी लढण्यासाठी पुकारण्यात आले, अशी हकीकत सांगितली जाते. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता. परंतु तो नियम दाखवून वेळ मागून घेण्यासाठी भारतीय पथकाचा एकही अधिकारी तेथे नव्हता. थकलेले खाशाबा आखाड्यात उतरले आणि ती कुस्ती हरले.

ही हकीकत सांगताना सामान्यतः अन्यायावर भर दिला जातो, आणि तो योग्यच आहे. परंतु तिच्यातील दुसरा अर्थही विचारात घ्यावा. विश्रांतीचा नियम अस्तित्वात होता. उणीव होती ती तो बजावणाऱ्या माणसाची. नुकतीच झुंज संपवून धापा टाकणाऱ्या मल्लाने परक्या देशात, परक्या भाषेत, पंचांशी नियमाची चर्चा करावी, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. कोल्हापूरच्या जुन्या तालमींत ही जबाबदारी वस्तादाकडे असे. कोणत्या पठ्ठ्याने आज जोर किती काढावयाचे, कोणाला लढतीस सोडावयाचे आणि कोणाला अंगाला माती लावून पडून राहावयास सांगावयाचे, हे वस्ताद ठरवी. पठ्ठ्याच्या उत्साहावर तो हे सोपवीत नसे. मेंदूचे चित्रण त्याला ठाऊक नव्हते. पण ज्याचे अंग शिणले आहे त्याचा स्वतःविषयीचा अंदाज भरवशाचा नसतो, एवढे त्याला अनुभवाने माहीत होते.

आजचे क्रीडावैद्यक या थकव्याच्या तीन पायऱ्या मानते. युरोप आणि अमेरिकेतील दोन प्रमुख क्रीडाविज्ञान संस्थांनी २०१३ साली संयुक्तपणे काढलेल्या निवेदनात त्या मांडलेल्या आहेत. पहिल्या पायरीवर सराव मुद्दाम वाढविला जातो, कामगिरी काही दिवस घसरते आणि विश्रांतीनंतर ती पूर्वीपेक्षा सुधारते. ही पायरी हितकारकच आहे. तिच्यावाचून प्रगती होत नाही. दुसऱ्या पायरीवर घसरण आठवडे किंवा महिने टिकते आणि विश्रांतीनंतर खेळाडू जेमतेम पूर्वपदावर येतो. तिसऱ्या पायरीवर, म्हणजे अतिसरावाच्या विकारात, सावरण्यास कित्येक महिने लागतात आणि काहींचे खेळणे कायमचे सुटते. या तीन पायऱ्यांमधील सीमारेषा दाखवणारी रक्ताची एकही खात्रीची चाचणी नाही. रक्तक्षय, थायरॉइड ग्रंथीचे विकार, संसर्ग आणि अपुरा आहार ही कारणे एकेक वगळीत जाऊन मगच निदान करावे लागते. आपल्याकडील मुलींच्या बाबतीत रक्तक्षय आणि आहार या दोन गोष्टी प्रथम पाहिल्या पाहिजेत. ताटात पडणारे अन्न सरावाच्या मानाने कमी असेल, तर तो सराव अंगी लागत नाही.

चाचणी नसली तरी लक्षणे आहेत, आणि त्यांतील पुष्कळशी मनाची आहेत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे विल्यम मॉर्गन व त्यांचे सहकारी यांनी सुमारे दहा वर्षे जलतरणपटूंच्या मनःस्थितीची नोंद ठेवली आणि १९८७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पोहण्याचे अंतर वाढत गेले तशी चिडचिड, उदासपणा आणि मरगळ वाढत गेली. स्पर्धेपूर्वी सराव कमी केल्यावर ती ओसरली. तेव्हा नेहमी हसतमुख असणारी मुलगी क्षुल्लक कारणावरून भांडू लागली, झोपेची तक्रार करू लागली, किंवा आवडत्या खेळाविषयीच अलिप्त झाली, तर तिला आळशी किंवा उद्धट ठरविण्याआधी तिच्या सरावाची वही पाहावी. पुष्कळदा असे होते की अशा वेळी शिक्षा म्हणून मैदानाच्या दहा फेऱ्या जास्त मारावयास लावल्या जातात. हा उपाय रोगच वाढवणारा आहे.

आता हा प्रश्न भिलाईच्या संदर्भात पाहू. या गावाला खेळाची परंपरा आहे. भिलाईच्या मुलींनी बास्केटबॉलमध्ये छत्तीसगडला राष्ट्रीय स्तरावर जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिच्यामागे प्रशिक्षक राजेश पटेल यांचे दीर्घ परिश्रम होते, हे येथील सर्वांना ठाऊक आहे. याच गावाला दुसरीही ख्याती आहे, ती अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षांची. सायकलला दप्तर अडकवून शाळेतून शिकवणीला आणि शिकवणीतून मैदानावर जाणारा मुलगा या वसाहतीत नवा नाही. त्याच्या शाळेत त्याच्या अभ्यासाची नोंद असते, शिकवणीत गुणांची, मैदानावर हजेरीची. परंतु या तिन्हींची बेरीज कोणत्याच वहीत नसते. शिक्षकाला वाटते, खेळणे ही त्याची करमणूक आहे. प्रशिक्षकाला वाटते, दिवसभर तो वर्गात बसूनच असतो. मोस्सो आणि मार्कोरा यांचे प्रयोग, तसेच पॅरिसचे संशोधन, या दोन्ही समजुतींना छेद देतात. भार वेगवेगळ्या ठिकाणांहून येतो. तो वाहणारा मेंदू एकच असतो.

हीच गोष्ट पाळीत काम करणाऱ्या तरुण खेळाडूची. रात्रपाळी करून सकाळी सरावास येणाऱ्याच्या घड्याळात सरावाचे तास नेहमीइतकेच भरतात; त्याच्या शरीरात मात्र ते अधिक भरतात, कारण मधली झोप गेलेली असते. झोपेचे महत्त्व दाखविणारा एक लहानसा प्रयोग बास्केटबॉलच्या या गावाला विशेष रुचेल. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अकरा बास्केटबॉलपटूंना पाच ते सात आठवडे रोज दहा तास अंथरुणात घालविण्यास सांगण्यात आले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्या फ्री थ्रोची अचूकता सुमारे ९ टक्क्यांनी वाढली, धावण्याचा वेळ घटला आणि मनःस्थिती सुधारली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही या प्रयोगाची मर्यादा आहे. तरीही नेम साधण्यासारखे नाजूक कौशल्य जादा सरावाशिवाय, नुसत्या झोपेने सुधारू शकते, ही गोष्ट प्रशिक्षकांनी मनन करण्याजोगी आहे.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की, अशा विचाराने मुले नाजूक होतील. घाम गाळल्यावाचून आजवर कोणी मोठा खेळाडू झालेला नाही. आक्षेप खरा आहे. कष्टांना पर्याय नाही, आणि वर सांगितलेली पहिली पायरी चढल्याशिवाय वरची उंची गाठता येत नाही. परंतु कष्ट आणि विश्रांती यांत विरोध नाही. शरीर बळकट होते ते सराव चालू असताना नव्हे, तर सरावानंतरच्या विश्रांतीत. मोठ्या स्पर्धेपूर्वी सराव कमी करण्याच्या प्रथेविषयी झालेल्या अभ्यासांचे एकत्रित परीक्षण २००७ साली प्रसिद्ध झाले. दोन आठवड्यांच्या काळात सरावाचे प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी घटवावे आणि त्याची तीव्रता तशीच ठेवावी, याचा लाभ सर्वाधिक होतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणजे निम्मा सराव कमी करूनही खेळाडू अधिक वेगाने धावतो, कारण आधीच्या महिन्यांत त्याने जे कमावले ते आता थकव्याच्या ओझ्याखालून मोकळे होते.

मग करावयाचे काय? महागडी यंत्रे आणि मेंदूचे चित्रण गावोगाव शक्य नाही, आणि त्यांची आवश्यकताही नाही. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रमाची जाणीव अंकांत मोजण्याची पद्धत बसविली. तिच्या आधारे अमेरिकेचे कार्ल फॉस्टर यांनी एक अत्यंत सोपा हिशेब रूढ केला. सराव संपल्यावर सुमारे अर्ध्या तासाने खेळाडूला विचारावयाचे की, आजचे श्रम शून्य ते दहा यांपैकी कितीचे वाटले? त्या अंकाला सरावाच्या मिनिटांनी गुणावयाचे. ९० मिनिटांचा सराव सहाचा वाटला, तर त्या दिवसाचा भार ५४० झाला. दिवसांची बेरीज केली की आठवड्याचा भार निघतो. एक पेन्सिल आणि शंभर पानी वही एवढीच या पद्धतीची सामग्री आहे.

येथे कोणी विचारील की, खेळाडूच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नये असे म्हणावयाचे आणि पुन्हा त्यालाच अंक विचारावयाचा, ही विसंगती नव्हे काय? ती विसंगती नाही. त्याला श्रम किती जड वाटले, हे त्याच्याशिवाय कोणालाच ठाऊक नसते, म्हणून ते त्यालाच विचारले पाहिजे. उद्या थांबावे की नाही, हा निर्णय मात्र एका दिवसाच्या अंकावरून त्याने एकट्याने करावयाचा नाही. तोच सराव गेल्या आठवड्यात पाचचा वाटत होता आणि या आठवड्यात आठचा वाटतो, ही गोष्ट त्याला स्वतःला कळणार नाही. वही पाहणाऱ्याला कळेल. त्याच पानावर झोपेचे तास, सकाळची मनःस्थिती, परीक्षेचे दिवस, शिकवणीचे तास आणि पाळी यांचीही नोंद असावी. बेरीज अचानक फुगलेली दिसली, झोप आटलेली दिसली आणि अंक चढत गेलेला दिसला, की त्या आठवड्याचा सराव हलका करण्याचा अधिकार प्रशिक्षकाला असावा आणि तसे करणे हे त्याचे कर्तव्य समजले जावे. विश्रांतीचा दिवस वेळापत्रकात आधीच लिहिलेला असावा. तो मागून घ्यावा लागू नये. मागावी लागणारी विश्रांती बहुधा मागितलीच जात नाही.

घरातील वडील माणसांचाही यात वाटा आहे. मैदानावर मूल दोन तास दिसते, वर्गात पाच-सहा तास. घरात ते उठताना आणि झोपताना दिसते. सकाळी उठण्याचा त्याचा कंटाळा, जेवणावरची वासना उडणे, वारंवार होणारी सर्दी, पुस्तक उघडे ठेवून भिंतीकडे पाहत बसणे, या खुणा सर्वांत आधी आईच्या ध्यानात येतात. त्या प्रशिक्षकाच्या कानावर घालण्यासाठी तिला संकोच वाटू नये आणि प्रशिक्षकाने त्या तक्रारी म्हणून न ऐकता माहिती म्हणून ऐकाव्यात. निवड चाचणी तोंडावर असताना हे अवघड जाते, हे खरे. एका जागेसाठी अनेक मुले धडपडत असतात, आणि आपले मूल एक दिवस घरी राहिले तर दुसरे पुढे जाईल, अशी धास्ती प्रत्येक घराला असते. म्हणूनच हलका आठवडा एकट्या मुलाला न देता सबंध चमूला एकाच वेळी द्यावा. सर्वांनीच विश्रांती घेतली, म्हणजे कोणीही मागे पडत नाही.

झोतभट्टीची देखभाल करणाऱ्या या गावाला नोंदवहीची शिस्त नवी नाही. भट्टीच्या प्रत्येक पाळीचा हिशेब दुसऱ्या पाळीच्या हाती दिला जातो. तीच शिस्त मैदानावर नेली, आणि शाळा, शिकवणी, मैदान व घर यांनी मुलाची पाळी एकमेकांच्या हाती नीट सोपवली, तर पुष्कळ मुलांचे खेळणे अकाली सुटणार नाही. खेळाडूने धावावे, झुंजावे, जीव तोडून खेळावे. ते त्याचे काम आहे. त्याच्या थकव्याचा हिशेब ठेवणे हे त्याच्याभोवती उभ्या असलेल्यांचे काम आहे, आणि पुढील सरावाच्या दिवसापासून ते हाती घेता येण्याजोगे आहे.